डावा आटा

टक्.

उलटी करून ठेवलेल्या सायकलचा डावा दांडा हरिचंदाने हाताने फिरविला, तेव्हा दर फेऱ्याला एकदा, एकाच जागी, असा आवाज होऊ लागला. आवाज लहान होता. वसमतच्या बाजारपेठेत सकाळच्या प्रहरी जिनिंगच्या भोंग्यापासून हमालांच्या आरोळ्यांपर्यंत इतके आवाज एकमेकांच्या अंगावर पडत असतात, की त्यांत हा कोणाच्या खिजगणतीतही आला नसता. परंतु हरिचंदाला तो स्वतःच्या छातीतून आल्यासारखा वाटला. कारण ही सायकल त्याच्या थोरल्या भावाची, उत्तमरावाची होती. तिच्या डाव्या अंगाचा कॉटर, म्हणजे दांड्याला मधल्या आसाशी पक्के धरून ठेवणारी लोखंडी खुंटी, गेल्या बाजारच्या दिवशी हरिचंदानेच नवा बसविला होता. आणि आज पहाटे, कुरुंद्याच्या वाटेवरील ओढ्याच्या उतारावर, हीच सायकल भावाला घेऊन कोसळली होती. भावाचा उजवा हात मनगटापाशी मोडला होता. कॉटर सैल पडला की दांडा असाच टक् करतो, हे हरिचंदाला ठाऊक होते. आणि ते ठाऊक असणे या घटकेला त्याला नको झाले होते.

सायकल आणून टाकणारा गाडीवान प्रेमसिंग अजून गेला नव्हता. बैलांना ओरडत, पण डोळे हरिचंदाच्या तोंडावर ठेवून, तो लिंबाच्या सावलीत रेंगाळत होता.

“गाडीत मीच घातलं तुझ्या भावाला,” तो म्हणाला. “पायडल बी मीच हुडकलं ओढ्यात. तुझी भावजय म्हणली, ज्यानं केलं त्याच्याच दारात नेऊन टाक.”

“ज्यानं केलं म्हंजे?”

“मला काहून पुसतोस बाबा? मी गाडीवाला माणूस. लोक बोलून राहिले. गुरवाचा उजवा हात गेला, आता महादेवाची पूजा कोणाच्या हाती? धाकट्याच्या. बराबर हाय का न्हाई?” प्रेमसिंगाने पानाची पिंक टाकली. “आन् ते शेंदराचं काय लफडं हाय रे? चंदाबाई सगळ्या आळीला सांगून राहिली, दिरानं सायकलीवर करणी केली म्हणून.”

पंक्चर काढण्यासाठी बसलेला लखमा हे ऐकून उठला. लखमा जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे बांधीत असे आणि हरिचंदाचे नेहमीचे गिऱ्हाईक होता.

“माझी सायकल दे भाऊ.”

“अरे, ट्यूब अजून बाहेर हाय.”

“राहू दे. तशीच दे. मला उशीर होऊन राहिला.”

आणि लोंबणारी ट्यूब गळ्यात अडकवून, रिकाम्या चाकावर सायकल खडखडवीत, लखमा भर बाजारातून निघून गेला. जाताना त्याने धोतराच्या सोग्याने आपल्या पायडलच्या बुडाशी असलेला लाल ठिपका पुसून टाकला. वर्षभर त्याच ठिपक्यावरून तो थट्टा करीत असे, की हरिचंदाच्या हातची सायकल म्हणजे मारुतीच. आता तेवढे नारळ फोडायचे राहिले आहे.

त्या ठिपक्याची गोष्ट एवढीच होती. परभणीच्या ज्या मिस्त्रीकडे हरिचंद सायकलीचे काम शिकला, तो प्रत्येक चाकी, म्हणजे नट, आवळून झाली की तिच्या कडेवर लाल रंगाचे एक बोट ओढी, अर्धे चाकीवर आणि अर्धे दांड्यावर. चाकी पुढे सैल झाली की ते बोट दुभंगलेले दिसे, आणि कारागिराला आपले कोठे चुकले हे न सांगता कळे. लढाई सुरू झाल्यापासून रंगाचे डबे मिळेनासे झाले. तेव्हा हरिचंदाने तेलात शेंदूर कालविला. गुरवाच्या घरात जन्मलेल्या माणसाला शेंदराखेरीज दुसरे काय सुचणार होते? बाजारातील सगळ्या सायकली त्याचे ते ठिपके मिरवीत फिरत होत्या. ठाऊक नव्हते ते फक्त एका घराला, जे घर तीन वर्षांपासून त्याच्या दुकानाकडे पाठ करून चालत होते. आणि त्या घराने त्याचा अर्थ काय काढावा? करणी! त्याने प्रेमसिंगाला “जा तू” एवढेच म्हटले. परंतु ते अशा स्वरात म्हटले, की प्रेमसिंगाने बैलांच्या शेपट्या पिळल्या.

माणूस एकटा पडला म्हणजे त्याला आपला राग नीट उलगडून पाहता येतो. हरिचंदाने तो पाहिला, आणि त्याला एक अशी गोष्ट दिसली की तो दचकला. प्रेमसिंगाने पहिल्याने ‘उजवा हात मोडला’ असे सांगितले, तेव्हा त्याच्या मनात दुःखाच्या आधी, अगदी पापणी लवेल एवढ्यात, एक दुसरीच लहर उठली होती: आता गाभाऱ्यात मी. एवढेच तीन शब्द. मग दादाचा चेहरा आठवला, मग मनगट, मग वेदना. पण ते तीन शब्द पहिल्याने आले ते आलेच. बाजार खोटे बोलत होता, परंतु खोटे बोलता बोलता त्याने नेमका त्याच ठिकाणी हात घातला होता जेथे जखम होती. खोट्या आरोपाची चीड माणसाला सोसते. ज्या आरोपात गव्हाएवढा खरा दाणा असतो, त्याची चीड सोसत नाही.

त्याने पाना उचलला. दोन्ही दांडे दोन हातांनी धरून त्यांना एकमेकांविरुद्ध हिसका दिला. कॉटर सैल असता, तर एक दांडा दुसऱ्याला सोडून किंचित हलला असता. हलला नाही. त्याने पुन्हा हिसका दिला, त्वेषाने, जणू तो हलावा असेच त्याला वाटत होते. सायकलच्या आसनाखाली दबलेले घोंगडीचे एक चौकोनी ठिगळ त्या हिसक्याने बाहेर सरकले, आणि ते पाहताच हरिचंदाचा हात थांबला. हे ठिगळ त्याच्या चांगलेच ओळखीचे होते.

तीन वर्षांपूर्वी दादाने त्याची पूजेची पाळी काढून घेतली, ती अशाच आसनावरून. वडील असताना महिना महिना वाटून दोघे भाऊ महादेवाची पूजा करीत. हरिचंदाने बाजारात सायकलीचे दुकान घातले, तेव्हा दादाने ओसरीवर चार माणसे जमविली आणि म्हटले, “हा दिवसभर कातड्याच्या बैठकी शिवतो. कातड्याला लागलेला हात पिंडीला लागणार न्हाई.” चार माणसांनी माना हलविल्या. हरिचंदाने पखवाजाचे कातडे, नगाऱ्याचे कातडे, शिंक्यावर टांगलेल्या डमरूचे कातडे यांकडे बोट दाखविले. परंतु तशी बोटे दाखविणाऱ्याला उद्धट म्हणण्याची रीत आहे. पुढे वर्षाच्या आत दादानेच जुनी सायकल घेतली. कुरुंद्याच्या मळ्यांतून बेल आणायला पायी जाणे त्याला झेपेनासे झाले होते. आणि कातड्याच्या त्याच आसनावर त्याने घोंगडीचा हा तुकडा पसरला, कारण लोकरीला विटाळ नसतो. त्या तुकड्यावर बसून दादा दुकानासमोरून जाई. घंटी वाजवीत जाई. हरिचंदाला आजवर त्या ठिगळाचे हसू येत असे. आज मात्र ते त्याने दोन बोटांनी ओढून काढले आणि नालीत भिरकावले.

मग त्याने कॉटरची चाकी सोडविली, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून खुंटी ठोकून काढली आणि उन्हात नेऊन पाहिली. खुंटीची सपाट बाजू एकसारखी दाबलेली होती. कोठे चावा नव्हता, कोठे झीज नव्हती. त्याचे काम त्याने जसे ठेवले होते तसेच होते. मग टक् कोठून येत होते? त्याने सुटलेला दांडा डोळ्यांसमोर धरला. पडताना तो आतल्या अंगाला वाकला होता, आणि फिरताना त्याचे टोक चौकटीच्या नळीला घासत होते. आवाज तो होता. म्हणजे आवाज पडण्याचे कारण नव्हता, पडल्याचे फळ होता. आणि हरिचंदाच्या छातीवरचे ओझे उतरले म्हणावे, तो त्याच्या जागी दुसरे काही येऊन बसले. कारण चाकीवर शेंदूर नव्हता. अर्धा नाही, दुभंगलेला नाही, मुळीच नव्हता. चाकी देवघरातल्या निरांजनासारखी लखलखत होती.

सायकलची चाकी लखलखत नसते. धूळ, तेल आणि माणसाचे पाय तिला लखलखू देत नाहीत. हरिचंदाने दांड्याच्या टोकाचे भोक पाहिले, ज्यात पायडल आट्यांनी, म्हणजे पिळाच्या खाचांनी, बसते. बाहेरचे दोन-तीन आटे पिळवटून सपाट झाले होते. आतले सगळे नवे असावेत तसे शाबूत होते. म्हणजे भावाच्या वजनाखाली पायडल निसटले, तेव्हा ते आधीच जवळजवळ संपूर्ण बाहेर आलेले होते, केवळ ओठांवर टेकलेले होते. आणि आतल्या आट्यांच्या तळाशी, जेथे वंगणाची काळी रेघ कोणालाही पुसता आली नव्हती, तेथे काहीतरी अडकले होते. त्याने सुईने ते उकरले. तांबूस, चिवट, केसासारखा एक तंतू. त्याने तो जिभेवर ठेवला.

आंबट लागला.

त्या आंबट चवीबरोबर त्याला एकदम देवळाच्या मागची विहीर दिसली. दगडावर मांडलेली तांब्याची भांडी, राखेची परात, भिजविलेल्या चिंचेचा गोळा, आणि ते सगळे पुढ्यात घेऊन बसलेली विजया. विजया ही दोघा भावांची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर ती थोरल्याच्या घरी परत आली, आणि तेव्हापासून देवाची उपकरणी तिच्या वाट्याला होती. तांब्या हातात घेऊन ती तो असा घाशी, की जणू त्यावर तिच्या दैवाचे डाग पडले आहेत. गेल्या बाजारी, दुसरा मिस्त्री गावात नसल्यामुळे, सायकल ढकलीत दुकानात आणणारी तीच होती. “दादाला म्हणू नको मी इथं बसले व्हते म्हणून,” असे म्हणत ती त्याच्या ठोकळ्यावर बसली होती, आणि तो काम करीत असता एकेका भागाचे नाव विचारीत होती. ‘हे डावं पायडल उलटं काहून फिरवतोस भाऊ?’ तेव्हा त्याने काय उत्तर दिले होते?

त्याने वडिलांचे उत्तर दिले होते. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत. उजव्या अंगाने निघायचे, पिंडीवरचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते त्या सोमसूत्रापाशी यायचे, आणि ते न ओलांडता आल्या वाटेने उलट फिरायचे. दोघा भावांची बोटे धरून वडील त्यांना फिरवीत, आणि पन्हळीपाशी थांबून म्हणत, “इथपर्यंत सव्य. इथून अपसव्य. एकाच दिशेनं फिरत राह्यला तर पुण्य सांडतं.” परभणीच्या मिस्त्रीने जेव्हा सांगितले की उजव्या पायडलचा आटा उजवा आणि डाव्याचा डावा, तेव्हा इतर शिकाऊ हसले होते, हरिचंदाला मात्र मुळीच नवल वाटले नव्हते. कोण्या देशीच्या कोण्या लोखंडाच्या कारागिरानेही शेवटी सोमसूत्र ओळखले, असे वाटून त्या परक्या गावात त्याला घरच्यासारखे वाटले होते. ते सगळे आज त्याला असह्य झाले. चिंचेने घासले कोणी, हे त्याला कळले होते. पायडल काढल्याखेरीज तंतू आत जाणार नव्हता, हेही कळले होते. आणि ज्या एका माणसावर रागावण्याची त्याची छाती नव्हती, तीच पहाटेपासून तोंड मिटून बसली होती, भावजय आळीभर करणीचा डांगोरा पिटीत असता!

दांडा एका हातात आणि वाकडे पायडल दुसऱ्या हातात घेऊन तो निघाला. दुकान उघडेच राहिले. वाटेत ज्या ओट्यांवरून त्याला रामराम मिळे, त्या ओट्यांवर माणसे त्याला पाहून हळदीच्या पोत्यांत काहीतरी शोधू लागली.

उत्तमराव ओसरीवर आडवा होता. मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि हळदीचा लेप सुकून भेगाळला होता. उशाशी चंदाबाई पंखा हलवीत बसली होती. दिराला पाहून तिने पदर सारखा केला आणि पंखा थांबविला.

“या भावजी. बघून घ्या, बराबर मोडला का काही कसर राह्यली.”

“वैनी, शेंदूर कोणी पुसला?”

“पुसला! मग काय कुकवासारखा ठेवायचा व्हता? चार जागी लावला व्हता तुमी. मला काय समजत न्हाई? मी म्हणलं विजीला, चिंच लाव, राख लाव, पण ते लाल दिसलं न्हाई पाह्यजे. फटीत गेलं असंल तर पायडल काढून घास.”

विजया आतल्या दारात उभी होती. तिने हरिचंदाकडे पाहिले नाही. त्याच्या हातातल्या पायडलकडे पाहिले.

“हरी,” उत्तमराव कण्हत म्हणाला, “विजीला बोल लावू नको. बाईमाणसाचा हात, ढिलं राह्यलं असंल, म्हणून निघायच्या आधी म्या स्वतः पाना घेतला. दोन्ही पायडलं आवळली. दम लागंस्तोर आवळली. तरी निघून पडलं. मग ह्याला मी काय म्हणावं? तूच सांग.”

हरिचंदाला वाटले, आपल्या अंगातला राग इतका वेळ जो इकडेतिकडे डोके आपटीत होता, त्याला एकाएकी दार सापडले आहे.

“कोणत्या अंगानं आवळलंस, दादा?”

“कोणत्या म्हंजे? उजव्या. आवळायचं ते उजव्यालाच. जगाची रीत हाय.”

“दोन्ही?”

“दोन्ही!”

हरिचंद गुडघ्यांवर बसला. पायडलची दांडी दांड्याच्या भोकात आतल्या बाजूने घालून त्याने ती शाबूत आट्यांना दोन फेरे धरविली, आणि दोन्ही वस्तू भावाच्या मांडीवर ठेवल्या.

“आवळ. डावा हात हाय ना? आवळ.”

“हे काय पोरखेळ...”

“आवळ म्हणतो ना!”

चंदाबाई दचकली. आजवर या घरात थोरल्यावर कोणी आवाज चढविला नव्हता. उत्तमरावाने दांडा दोन्ही मांड्यांत दाबून धरला आणि तो डाव्या हाताने पायडल उजवीकडे पिळू लागला. पायडल आत गेले नाही, उलट धरलेले दोन फेरेही सुटले. ते नुसते गरगरले आणि त्याच्या मांडीवरून घरंगळत फरशीवर पडले. खण् असा आवाज झाला.

“मी तसं नव्हतं लावलं,” विजया दारातून म्हणाली. ती उंबरा ओलांडून पुढे आली. “भाऊ, मी ज्या अंगानं काढलं त्याच्या उलट फिरवून बसवलं व्हतं. डाव्याला डावं. घट्ट व्हतं. दादा पाना घेऊन बसले तवा मी म्हणले बी, दादा, हे त्या अंगानं न्हाई. तर म्हणले, तू भांडी घास.”

“तू म्हणली व्हतीस?” चंदाबाई.

“व्हय. आन् वैनी, करणी कसली? चिंच व्हती ती!”

हरिचंदाला हसू आले, आणि ते हसू घशात येता येता कडू झाले. त्याने पायडल उचलले.

“दादा, सोमसूत्रापाशी रोज काय करतोस?”

उत्तमराव आपल्या डाव्या पंजाकडे पाहत होता, ज्यावर वंगणाचा काळा पट्टा उमटला होता.

“रोज सकाळ-संध्याकाळ तिथून उलटा फिरतोस. बापानं बोट धरून शिकवलं तुला बी आन् मला बी. पायाला येतं ते हाताला काहून आलं न्हाई?”

परसातली म्हैस हंबरली. शेवटी उत्तमरावाने भिंतीकडे तोंड करून, जणू ही गोष्ट भिंतीलाच सांगायची आहे अशा स्वरात म्हटले, “बरं. झालं ते झालं. आज सांजची पूजा तूच कर. हाड जुळंपर्यंत कर. मग पाळीचं बी बघू. विहिरीवर आंघोळ कर, गोमूत्र घे, आन् जा गाभाऱ्यात.”

आणि हरिचंदाच्या छातीत आनंद उसळला. तीन वर्षे तो ज्या शब्दांची वाट पाहत होता तेच शब्द होते. गाभाऱ्यातला ओल्या दगडाचा वास, बेलाच्या पानांचा कुजका गोड वास, समईची काजळी, हे सर्व एका श्वासात त्याच्या नाकाशी आले. आणि त्या आनंदाचाच त्याला सर्वांत अधिक संताप आला. कारण बाजार जे म्हणत होता ते या क्षणी तंतोतंत खरे झाले असते: थोरल्याचा हात मोडला आणि धाकटा गाभाऱ्यात शिरला. उद्या लखमा प्रेमसिंगाला म्हणाला असता, बघ, म्हणलं नव्हतं? दादाने जे दिले होते ते दान नव्हते; तो त्याच्या तोंडात कोंबलेला बोळा होता.

“येतो,” हरिचंद म्हणाला. “पण आधी तू बाजारात ये. माझ्या दुकानापुढं उभा राहा आन् सांग, करणी न्हवती, माझ्याच हातानं पायडल सुटलं. मग करतो पूजा.”

“वेडा झालास काय? घरची गोष्ट घरात.”

“करणी तर घरात न्हवती राह्यली. ती गावभर फिरवली तुमी.”

“माझा मान...”

“तुझा मान! आन् माझं काय लोखंड हाय?”

“हरी, देव बिनपूजेचा ठेवशील? बापाचा देव?”

हा घाव बरोबर बसला. मग तो उठला.

“बापाचा देव हाय तर बापासारखा खरं बोल,” तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून चालू लागला. मागून विजयाने ‘भाऊ’ अशी हाक मारली. तो वळला नाही. पहाटेपासूनच्या तिच्या मुकेपणाला त्याने अजून क्षमा केली नव्हती. ती पान्याच्या वेळीही बोलली होती आणि आत्ताही बोलली, मग मधल्या वेळी काहून गप्प बसली, हा प्रश्न त्याला काट्यासारखा रुतत होता. आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक होते: तिला त्याच घरात जेवायचे होते.

दुपारभर त्याने दांडा सरळ केला. दांडा ऐरणीशेजारच्या शिकंज्यात धरून, त्यावर लांब नळी चढवून, अंगाचा सगळा भार त्याने तिच्यावर घातला. लोखंड रागाला ओळखत नाही, परंतु वजनाला ओळखते. ते तसूतसूने मागे आले. चेचलेले बाहेरचे आटे त्याने कानशीने साफ केले, जुन्या सायकलीची पायडलची दांडी काढून घातली, छर्रे घासलेटात धुतले, वंगण भरले. मग पायडल लावले. डावीकडे फिरवीत लावले, सावकाश, आणि प्रत्येक फेऱ्याला त्याला वडिलांचे खरखरीत बोट आपल्या मुठीत असल्याचा भास झाला. कॉटर बसविला. दांडा फिरविला. आवाज आला नाही. पुन्हा फिरविला. काही नाही. इतकी चांगली दुरुस्ती त्याच्या हातून क्वचितच झाली असेल, आणि ती पाहायला दुकानापुढे चिटपाखरू नव्हते.

त्याने बोटाने शेंदूर लावला. जाड, ओघळेल एवढा लावला, आणि सायकल अशी उभी केली की तो लाल ओघळ रस्त्याकडे राहील.

दिवेलागणीला जिनिंगचा भोंगा बंद झाला, आणि त्याच्या मागोमाग देवळातून घंटा ऐकू आली. हरिचंद ताठ उभा राहिला. म्हणजे दादा गेला होता. बाजारापर्यंत यायचे बळ ज्याच्या पायांत नव्हते, तो देवळापर्यंत गेला होता. घंटा वाजली, आणि थांबली. मग पुन्हा वाजली, आणि पुन्हा थांबली. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नसते. परंतु ज्याने लहानपणापासून ती आरती केली आहे, त्याला त्या खंडांचा अर्थ कळत होता. आरतीला दोन हात लागतात: उजव्यात दिवा, डाव्यात घंटा. दादाला एकच हात उरला होता. घंटा खाली ठेवून तो डाव्या हाताने दिवा ओवाळीत होता. दिवा खाली ठेवून घंटा वाजवीत होता. पूजेत ज्या हाताने फूलही उचलीत नाहीत, त्या हाताने. विटाळ चालला, अपसव्य चालले, सर्व काही चालले. बाजारात येऊन एक वाक्य बोलणे तेवढे चालले नाही!

घंटा थांबली. ती शांतता हरिचंदाला ऐकवेना.

तो पळाला नाही, पण चालला असेही म्हणता येणार नाही. हात धुतले नाहीत. गाभाऱ्यात जायचे नव्हतेच; नंदीच्या वर टांगलेली मोठी घंटा कोणीही वाजवू शकतो, तिला पाळी लागत नाही. लखमा आणि आणखी काही माणसे मंडपात हात जोडून उभी होती. ती बाजूला सरली. आत, समईच्या उजेडात, दादाची पाठ दिसत होती, आणि डाव्या हातात दिवा. खांबाशी विजया होती. हरिचंदाने काळ्या हातांनी घंटेचा लोळा धरला आणि हाणला.

पहिल्या ठोक्याला कबुतरे उडाली. त्याने दुसरा हाणला, तिसरा हाणला. दादाच्या दिव्याने जेथे जेथे खंड पाडला होता, तेथे तेथे तो भरीत गेला, सगळ्या अंगानिशी, दात आवळून. सबंध पेठेला ऐकू जावे, ओट्यांवरच्या पोत्यांना ऐकू जावे, कुरुंद्याच्या ओढ्यापर्यंत ऐकू जावे, असा तो वाजवीत होता. मंडपातली माणसे टाळ्या धरू लागली. त्यांना वाटले, भाऊ भावाच्या मदतीला आला. ती आरती होती की शिवी, हे हरिचंदाचे हरिचंदालाच कळत नव्हते. दादाने एकदा मान वळवून पाहिले. दिवा थांबला नाही. घंटाही थांबली नाही. दोघांपैकी कोणीही डोळे खाली घातले नाहीत.

आरती संपली तेव्हा त्याने लोळा सोडला. पितळेवर त्याच्या दहा बोटांचे काळे ठसे उमटले होते. ते पाहून चंदाबाई उद्या विजयाला हाक मारील, आणि विजया चिंचेचा गोळा घेऊन येईल. घासू दे. वंगण चिंचेने निघत नाही.